शेल्याखालचा भाव

कापसाच्या ज्या तेजीत आमच्या वऱ्हाडात भाव करणे लाजिरवाणे ठरले, त्याच तेजीत माझे लग्न ठरले. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध आहे, हे वडिलांच्या ध्यानात यायला आठवडा लागला. आत्याच्या ते त्याच क्षणी ध्यानात आले आणि तिने हातातले सूप खाली ठेवले.

तेजीचे कारण सर्वांना ठाऊक आहे. अमेरिकेत लोक आपसांत लढू लागले, विलायतेच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, आणि आमच्या काळ्या जमिनीतल्या बोंडाला असा भाव आला की विकणारा दचकून दलालाला पुन्हा विचारी. अमेरिका कोणत्या दिशेला आहे, हे अकोल्यात फारसे कोणाला सांगता आले नसते. पण तिथली लढाई इतक्यात मिटू नये म्हणून महादेवाला अभिषेक करणारी दोन घरे आमच्याच गल्लीत होती.

पैसा आला की मनुष्य प्रथम काय टाकून देतो, याचे निरीक्षण करण्याची अशी संधी पुन्हा मिळायची नाही. आमच्याकडे लोकांनी जुने जोडे टाकले नाहीत, जुनी भांडणेही टाकली नाहीत. त्यांनी घासाघीस टाकली. दुकानदाराने पाच म्हटले की "पाचचं नको, सातचं दाखवा" असे म्हणणे हे घरंदाजपणाचे लक्षण झाले. दुकानदार तेच लुगडे आत नेई, निराळी घडी घालून बाहेर आणी आणि सात सांगे. हे मी स्वतः पाहिले आहे; काठातली एक चुकलेली वीण मी खूण म्हणून लक्षात ठेवली होती. पोत तोच, रंग तोच, वजन तेच. बदलली ती घडी. त्यावरून भाव हा कापडात नसून घडीत असतो, असा सिद्धांत मी वयाच्या चौदाव्या वर्षी मांडला. वडिलांनी तो शांतपणे ऐकून घेतला आणि मला खल धुवायला सांगितले.

वडील अकोल्याच्या सरकारी दवाखान्यात कंपौंडर होते. औषधे करण्याचे शिक्षण त्यांना एलिचपूरच्या छावणीत मिळाले होते, आणि आमच्या शेतकरी कुळात शिकलेले असे ते एकटेच. त्यामुळे तेजीत तोट्यात गेलेलेही ते एकटेच. तेजीच्या आदल्याच हंगामात त्यांनी आपल्या वाट्याची जमीन भावाला विकून टाकली होती. नोकरीचा पगार पाऊसपाण्यावर अवलंबून नसतो, असा त्यांचा विचार. तो अगदी खरा निघाला. पगार कशावरच अवलंबून नव्हता. ज्वारी दुप्पट झाली तरी तो जागचा हलला नाही.

आई मी लहान असतानाच गेली. घर चालवी ती वडिलांची थोरली विधवा बहीण, माझी आत्या. माझा हात कापत नाही असे आढळल्यावरून वडिलांनी मला औषधांचा तराजू धरायला शिकवले. पुढे ज्वर मोजणे, अर्क गाळणे, आंबट द्रव निळ्या कागदाला तांबडा करतो ते पाहणे, रसायनाचे एक मराठी पुस्तक, असा माझा अभ्यास वाढत गेला आणि त्याच प्रमाणात स्थळे कमी येऊ लागली.

अशात अकोटकडून एक स्थळ आले. मुलगा मुंबईच्या वैद्यकशाळेत शिकत होता, आणि बायको वाचती हवी म्हणून हटून बसला होता. त्याच्या मुंबईच्या खोलीत माणसाच्या हाडांचा सबंध सापळा टांगलेला आहे, ही बातमी फुटल्यामुळे दोन मुलींच्या आयांनी आधीच नकार कळवला होता. मला तो सापळा हवा होता. मुलाचा चेहरा मी पाहिला नव्हता आणि त्याविषयी मला विशेष कुतूहलही नव्हते. पण जिथे बरगड्या मोजता येतात, जिथे शरीराची सचित्र पुस्तके आहेत आणि ती बायकोने वाचावीत असे म्हणणारा मनुष्य आहे, असे दुसरे घर वऱ्हाडात मला मिळणार नव्हते. हे लग्न मोडते तर पुढचे स्थळ सरकीच्या एका व्यापाऱ्याचे होते. त्याला बाईच्या हातातल्या पुस्तकाची भीती वाटे.

मुलाचे वडील, म्हणजे माझे होणारे मामंजी, हे तेजीचे लाडके अपत्य होते. सापळ्याविषयी वडिलांनी भीत भीत विचारले तेव्हा ते म्हणाले, "पोरानं कळवले तेवढे रुपये धाडले. हाडकाचा काय भाव करायचा असते?" हुंड्याचा विषयही त्यांनी हातानेच उडवून लावला, देणेघेणे काढणे म्हणजे घासाघीसच की. इथवर त्यांचा मानीपणा आम्हांला परवडत होता. पण निघताना ते उंबऱ्यात थांबले.

"एक सांगून ठेवतो, कंपौंडरसाहेब. बस्ता अमरावतीले फाडू. अन् दुकानात भाव करनं नाई. मागची सोयरीक म्या नारळावरून मोडली. पोरीचा मामा भर बाजारात एका नारळासाठी वाद घालून राहिला होता. साऱ्या अकोटानं पाह्यलं."

बस्ता म्हणजे लग्नाच्या कापडाची खरेदी. दोन्ही घरची माणसे एकाच दुकानात मांडी घालून बसतात. नवरीची लुगडी वरपक्षाने घ्यायची, आणि वरपक्षाच्या झाडून साऱ्या नातेवाइकांच्या मानाची लुगडी-पागोटी वधूच्या बापाने. मामंजींच्या नातेवाइकांची संख्या तेजीत कापसाच्या भावाबरोबर चढली होती.

आणि आमच्या बाजूने बस्त्याला बसणार होती आत्या, जिला पाहून अकोल्याच्या कापडबाजारातले दुकानदार आधी पाणी मागवत. तिची पद्धत शास्त्रशुद्ध होती. जे कापड आवडले त्याच्याकडे ती पाहत नसे. जे नको असेल त्यावर वाद घालून दुकानदाराला दमवी, आणि तो थकला की हव्या त्या कापडाचा भाव उगाच विचारल्यासारखा विचारी. शेवटी उठून चालू लागे, की पाठीमागून हाक येई. तेजीच्या दुसऱ्या वर्षी ती अशीच उठून निघाली आणि हाक आली नाही. शेजारच्या दुकानाच्या खांबाआड ती बराच वेळ उन्हात उभी राहिली. घरी आल्यावर जेवली नाही.

"भाऊ, भाव केल्याबिगर मी सुतळीचा तोडाबी घेत नाई," ती आता वडिलांना म्हणाली.

"अक्का, तू एक शब्द बोलली तं सोयरीक तुटते."

"अन् नाई बोलली तं?"

"नाई बोलली तं माह्याजवळ हाये तेवढ्यात त्यायच्या आर्ध्या गोताचीबी डोकी झाकत नाईत."

दोन्ही विधाने खरी होती, आणि ती दोन्ही एकाच वेळी खरी असणे, हीच अडचण होती.

तोड मला दवाखान्यात सापडली. कापसाचा एक दलाल बोटाला नखुरडे झाले म्हणून आला होता. बोट ठणकत होते, पण त्याचा खरा ठणका वेगळाच होता.

"कंपौंडरसाहेब, फोडा, कापा, काहीबी करा. पट्टी तेवढी बांधू नका."

"काहून?"

"समोरच्यानं माहं हे बोट धरलं, तं पट्टीनं त्याले एकाची दोन वाटतीन. धंदा बुडते ना बाप्पा!"

"मग डाव्या हातानं कर सौदा."

"डाव्या हातानं?" तो दुखणे विसरून ताठ बसला. "बाजारात तोंड दाखवू का नको मी?"

वडिलांनी शस्त्र घेतले. रोग्याचे लक्ष दुसरीकडे वळवण्याचे काम माझे असे, म्हणून मी त्याला विचारले की बोटांनी भाव होतो तरी कसा. कळा सोसत त्याने मला सारे सांगितले. दोघांच्या हातांवर उपरणे टाकायचे. एक बोट धरले तर एक, पंजा धरला तर पाच, पंजा धरून सोडून पुन्हा एक धरले तर सहा. आकडा दहांचा की शेकड्याचा, हे दोघांनाही माल पाहूनच कळते. तळव्यावर अंगठा दाबला की सौदा पक्का. मग आकाश कोसळले तरी तो फिरत नाही. तोंडाने मात्र काय वाटेल तो आकडा सांगत राहावे, म्हणजे भोवतालच्यांना पत्ता लागत नाही. थोडक्यात, एकाच मालाला दोन भाव असतात: एक लोकांनी ऐकायचा आणि एक दोघांनी पाळायचा.

त्या संध्याकाळी मी आत्याला म्हटले, "तोंडानं नको बोलू. बोटानं बोल."

"अवं, बेशरम! परक्या मानसाचं बोट धरू मी?"

ही अडचण खरी होती. तिच्यावर आत्यानेच उपाय काढला, आणि काढताना तिच्या चेहऱ्यावर पुष्कळ दिवसांनी रक्त दिसले. अमरावतीच्या कापडओळीत एक दुकान होते. तिथे बायकांच्या बैठकीवर शेठची म्हातारी आई, सगळे तिला माजी म्हणत, स्वतः कापड दाखवायला बसे. आत्याच्या लग्नाआधीपासून त्या दोघींची भावावरून लढाई चालत आलेली होती. शेठ आता कापसाची दलालीही करत होता, तशी त्या वर्षी न्हावी आणि पुजारीही करत होते. तेव्हा त्याच्या आईला बोटांची भाषा येत नसेल, हे संभवत नव्हते.

अकोटची मंडळी अकोल्याला आली आणि आम्ही सारे दोन दमण्या, म्हणजे छपराच्या बैलगाड्या, करून अमरावतीला गेलो. सारा रस्ता कापसाच्या गाड्यांनी भरलेला होता आणि बैलांच्या शिंगांच्या टोकांना चांदीच्या शेंब्या होत्या. नवरीला बस्त्याला नेण्याची रीत नाही. पण मामंजींना ती वाचती मुलगी अमरावतीच्या बाजाराला दाखवायची होती. महाग आणि दुर्मिळ वस्तू बाळगण्याची त्यांना आवड जडली होती, आणि अकोल्यात त्या वर्षी माझ्यापेक्षा दुर्मिळ वस्तू मिळण्यासारखी नव्हती.

दुकानात पुरुष शेठजवळ गादीवर बसले. बायकांच्या बैठकीवर मध्ये माजी, तिच्या एका हाताला आत्या, दुसऱ्या हाताला माझ्या होणाऱ्या सासूबाई, आणि आत्याच्या पाठीशी मी. सासूबाई अंगभर सोने घालून इतक्या गप्प बसल्या होत्या की त्या दागिन्यांची राखण करायला आल्या आहेत असे वाटावे. येताना सबंध वाटेत त्या चार वाक्ये बोलल्या असतील, चारही उन्हाविषयी.

"लय दिवसानं आल्या बाई," माजी आत्याला म्हणाली. आवाजात उत्साह नव्हता. "आता काय, सांगते तो भाव लोक देते अन् जाते. बसून बसून गुडघे धरले माहे."

आत्याने एक शेला ओढून दोघींच्या मांडीवर पसरला, जणू त्याचे सूत पाहत आहे. मग हात खाली घातला. माजी दचकली. तिने आत्याकडे पाहिले, आणि तिचे म्हातारे डोळे भरून आले.

"हे लुगडं नवाचं," माजी खणखणीत आवाजात म्हणाली.

"नवाचं? सस्त हाये," आत्या त्याहून खणखणीत म्हणाली.

शेला हलला. मी पाठीमागून त्याच्या पृष्ठभागाचे निरीक्षण करत होते. उंचवट्यांवरून खालचे आकडे वाचता येत होते. आत्याने तीन बोटे धरली. माजीने पंजा धरला, सोडला, पुन्हा तीन. आठ. आत्याने पुन्हा तीनच. माजीने "हाय राम" असा सुस्कारा टाकला आणि सारवासारवीसाठी म्हणाली, "गर्मी काय हाये आज!" सहावर अंगठा दाबला गेला.

पहिली पाच-सहा लुगडी अशी गेली. अडथळा एकच होता, मामंजी. मोठ्याने आकडा ऐकू आला की ते गादीवरून हाक देत, "नवाचं कायले? माह्या मावशीले बाराचं दाखवा!" त्याबरोबर माजीला आतून भारी कापड काढावे लागे आणि आत्याला खालून नव्याने चढाई करावी लागे. वडील जमिनीकडे पाहत बसले होते. त्यांना खालचे आकडे दिसत नव्हते. वरचे मात्र प्रत्येक वेळी मानेवर पडत होते.

मग माजीने मामंजींच्या आईसाठी एक जरीकाठी लुगडे काढले, बारा सांगितले, आणि दुपारचा मुख्य प्रसंग घडला.

आत्याची एक सवय होती. भाव करताना ती कधी हाताकडे किंवा मालाकडे पाहत नसे. नजर समोरच्याच्या पापणीवर. या वेळी माजीचा चेहरा एकदम थंड झाला होता, म्हणून आत्या अधिकच सावध झाली. शेल्याखाली तिची तीन बोटे धरली गेली. तीन! बारा सांगितलेल्या लुगड्याला माजी आपण होऊन तीनवर आली! दुसरी कोणी असती तर अंगठा दाबून मोकळी झाली असती. आत्याने दोन बोटे धरली. क्षणभर काहीच झाले नाही. मग एक बोट धरले गेले.

मी शेल्यावरून नजर काढून वर पाहिले. माजी दोन्ही हातांनी अडकित्ता धरून सुपारी कातरत होती.

सासूबाई कापडाचे सूत पाहण्याच्या निमित्ताने केव्हाच पुढे सरकल्या होत्या, आणि त्यांचा उजवा हात शेल्याखाली कोपरापर्यंत गेलेला होता. त्यांना माझ्यासाठी घ्यायच्या शालूचा भाव करायचा होता. आत्याची बोटे त्यांना माजीची वाटली. आत्याला त्यांची माजीची वाटली. दोघीही गिऱ्हाइके, दोघीही भाव पाडणाऱ्या, आणि दोघींच्या मध्ये विकणारे कोणीच नाही. अशा स्थितीत भाव किती खाली जाऊ शकतो, हा प्रश्न तात्त्विक दृष्ट्या मोलाचा आहे. मी उत्तराची वाट पाहिली असती, पण आत्याचा धीर सुटला. एकाचे अर्धे कसे सांगावे या विचारात तिने माजीच्या पापणीवरून नजर काढली आणि तिला अडकित्ता दिसला.

सासूबाईंनाही त्याच वेळी दिसला.

दोघी एकमेकींकडे पाहू लागल्या. हात कोणीच काढला नाही. काढला असता तर तो कुठे होता हे साऱ्यांना दिसले असते. आत्याचे ओठ पांढरे पडले. मामंजींच्या घरचेच माणूस आमच्या घासाघिशीला साक्षी झाले होते. मुंबई, सापळा, पुस्तके, सारे काही त्या एका शेल्याखाली अडकले होते, आणि मी पाठीमागे बसून काहीही करू शकत नव्हते.

"कापड जाड हाये, ईनबाई," सासूबाई मोठ्याने म्हणाल्या. मग अगदी हळू, ओठ न हलवता, "तीन वर्सं झाली व माय. तीन वर्सं मी कशाचाच भाव नाई केला."

आत्याने शेला नीट ओढून घेतला. "एका टोकाकून तुमी धरा," ती पुटपुटली, "दुसऱ्या टोकाकून मी धरते."

माजीने सुपारी खाली ठेवून हात आत घातला आणि दोन बाजूंनी एकदम कैचीत सापडली. तिच्या तोंडून निघालेला आवाज वेदनेचा होता की आनंदाचा, हे निदान मला आजही करता येत नाही. पण तो आवाज गादीपर्यंत गेला. मामंजी उठून आले. तीन बायका, एक शेला, आणि शेल्याखाली चाललेली धावपळ. ज्या मनुष्याने तीन हंगाम कापूस विकला आहे, त्याला हे दृश्य समजावून सांगण्याची गरज नसते.

"हे काय चालू हाये?"

वडील उभे राहिले आणि पुन्हा बसले.

"तुले इचारून राहिलो मी," मामंजी बायकोला म्हणाले. "तुले बोटं कोनं शिकवली?"

सासूबाईंनी शेला बाजूला केला. पदर सारखा केला.

"तुमीच."

"म्या?"

"झोपेत माहा हात धरून कापूस इकता ना. तीन वर्सं झाली. कवा चार धरता, कवा पाच. अंगठा दाबता अन् घोरता."

शेठने तोंडात पदराऐवजी वहीचा कोपरा घातला. दुकानातली इतर गिऱ्हाइके कापडाच्या घड्या फार बारकाईने पाहू लागली. मामंजींचा चेहरा तांबडा झाला, मग काळवंडला. माणूस मानी असला की त्याचा कोणता रंग शेवटचा, हे सांगता येत नाही. ते माझ्या वडिलांकडे वळले. मला वाटले, झाले, आता नारळ.

पण त्यांच्या मनात काहीतरी अडकले असावे. ते पुन्हा बायकोकडे वळले.

"केवढ्यावर आलं होतं?"

"काय?"

"ते लुगडं. बाराचं."

"एकावर."

"एकावर?" त्यांचा आवाज एकदम खाली आला. तेजीच्या पूर्वीचा कोणीतरी हिशेबी शेतकरी त्यांच्या डोळ्यांतून बाहेर डोकावला. "बाराचं, एकावर? माजी, तुमी काय करून राहिल्या होत्या?"

"सुपारी कातरत होती मी," माजी फणकारली. "मले कोनी इचारलंच नाई!"

मामंजी उभेच राहिले. मग इकडेतिकडे पाहून, ओळखीचे कोणी नाही याची खात्री करून, गादीवर परत गेले, मांडी घातली आणि मोठ्याने म्हणाले, "शेठ, पागोट्याचा काय भाव म्हनला?"

"अठरा, पाटील."

"अठराच? बरं, चांगलं दिसते," असे म्हणत त्यांनी खांद्यावरचे उपरणे काढून शेठच्या हातावर टाकले. ते उपरणे पुढे फार वेळ हलत होते. पागोटे माझ्या वडिलांच्या पैशांनी घ्यायचे होते, हे त्या वेळी त्यांच्या लक्षात होते की नाही, कोण जाणे. पण माझ्या वडिलांनी त्या दिवशी पहिल्यांदा जमिनीवरून मान वर केली.

अकोट आणि भोवतालच्या गावांत आमच्या बस्त्याची ख्याती मोठ्याने उच्चारलेल्या आकड्यांप्रमाणेच पसरली. एवढा भारी बस्ता कोणी फाडला नव्हता. मामंजी तृप्त झाले, वडील तगले, आणि शेठला दोघांचेही गुपित सांभाळण्याचे फुकट काम मिळाले.

परतीच्या दमणीत सासूबाई माझ्या शेजारी बसल्या. बडनेऱ्याच्या पुढे वारा सुटला तशी त्यांनी आपली चादर माझ्याही गुडघ्यांवर ओढली.

"मुंबईले जायाची लय घाई हाये म्हनते तुले?"

मी खरे ते सांगितले. हो म्हटले.

"आमच्याकडे नवी सून आधी घरी राहते. मले दुसरी पोर नाई," असे म्हणून त्या बाहेर पाहू लागल्या. चादरीखाली त्यांनी माझा पंजा धरला. पाच वर्षे.

मी आजवर वस्तू तोलल्या होत्या, मोजल्या होत्या, तापवून पाहिल्या होत्या. त्यांच्यासाठी कोणाशी झुंजले नव्हते. मी त्यांचे एक बोट धरले. त्यांनी चार धरली. मी पुन्हा एकच धरले. आत्या समोर बसून डुलक्या घेत असल्याचे सोंग करत होती आणि पायाच्या अंगठ्याने मला डिवचत होती. सासूबाईंनी हात काढून घेतला, बांगड्या मागे सारल्या, आणि परत घातला. तीन. मी माझ्या मनातल्या सर्व बरगड्या एकदा मोजल्या आणि त्यांच्या तळव्यावर अंगठा दाबला.

अकोल्याला उतरल्यावर आत्याने मला विहिरीपाशी गाठले. "तीन? दोनवर अडून बसली असती तं काय बिघडलं असतं? तिचा हात गरम झाला होता!"

लग्न झाले. मी अकोटला राहिले. सासूबाईंनी मला मिरची कांडायला शिकवले आणि मी त्यांना अक्षरे. दरम्यान अमेरिकेची लढाई मिटली आणि कापूस धाडकन खाली आला. शेंब्या बैलांच्या शिंगांवरून सराफाकडे गेल्या. वऱ्हाडाला भाव करण्याचा हक्क परत मिळाला, आणि मामंजींनी तो व्याजासह वसूल केला. वांग्यासाठी ते माळणीला रडवत. तिसरे वर्ष भरत आले तेव्हा त्यांनी विषय काढला: आता मुंबईचा खर्च कशाला, पोरगा सुट्टीत येतोच आहे, सून इथेच बरी. भाऊबंदांनी माना डोलावल्या.

"तिनं माह्या हातावर अंगठा दाबला हाये," सासूबाई म्हणाल्या. "मी फिरत नाई."

कापूस विकणाऱ्या घरात दाबलेला अंगठा म्हणजे झालेला सौदा; मामंजींनी गाडीची चौकशी सुरू केली.

आगगाडी तोवर अकोल्यापर्यंत आली होती. मला पोचवायला दोघेही आले. मामंजी तिकिटाच्या खिडकीशी गेले आणि परत येईनात. गाडी उभी राहिली, लोक चढले. मी पुढे होऊन पाहिले तर मामंजी खिडकीतून आत हात घालून, बाबूच्या हातावर उपरणे टाकण्याचा प्रयत्न करत होते.

"एकाच बाईचं मांगून राहिलो ना मी! अन् ते हाये बी बारीक. वजनानं पाहा!"

"बुवा, भाव ठरलेला आहे. सगळ्यांना एकच."

"सांगायचा एक असते, बाबू. द्यायचा कोनता ते सांगा."

"हाच."

"बरं, तुमचं राहू द्या, माहं राहू द्या..."

घंटा झाली. मी सासूबाईंकडे पाहिले. त्या आधीच निघाल्या होत्या. गर्दीतून सोने नसलेल्या हातांनी वाट काढत त्या खिडकीशी पोचल्या आणि साऱ्या फलाटाला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडल्या, "द्या हो! मांगते तेवढे द्या! गाडी चालली!"

मामंजींनी बायकोकडे असे पाहिले की जणू तिने पदर टाकला. मग दिले.